ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का ओढते?

जून संपत आला की टिटवाळ्याच्या आसपासच्या भातखाचरांत चिखलणी सुरू होते. पूर्वी हे काम बैलांकडे होते, आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर दिसतो. खाचराच्या बांधाशी पोचलेला ट्रॅक्टर कसा वळतो ते एकदा थांबून पाहावे. पुढची चाके चिखलात नुसती घसरत असतात. स्टेअरिंग कितीही फिरवले तरी ट्रॅक्टर पुरेसा वळत नाही. मग चालक उजव्या पायाने ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी फिरतो. याचे कारण असे, की ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात. एक मागच्या डाव्या चाकाचे, दुसरे मागच्या उजव्या चाकाचे. फक्त डावे पेडल दाबले की डावे चाक थांबते, उजवे पुढे जात राहते आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. डांबरी रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल खिटीने एकमेकांना जोडून टाकायची असतात. खिटी न लावता वेगात ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर उलटूही शकतो.

मोटारगाडीला ब्रेकचे पेडल एकच असते. त्या एका पेडलाने चारही चाकांना थांबवायचे आणि डाव्या-उजव्या चाकांना अगदी सारखे थांबवायचे, अशी अपेक्षा असते. ही बरोबरी बिघडली की गाडी नकळत खिटी निघालेल्या ट्रॅक्टरसारखी वागू लागते. मग चालक तक्रार करतो, "ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते." ही तक्रार अगदी साधी वाटते. पण तिचे कारण शोधणे हा विज्ञानाच्या रीतीचा एक सुरेख धडा आहे, आणि तो वर्गात मांडता येण्याजोगाही आहे, असे आम्हांला वाटते.

आधी या ओढीचा आकार किती ते पाहू. माणसांसह १००० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान गाडी ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने चालली आहे. चालकाने बऱ्यापैकी जोराने ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होऊ लागला. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार त्यासाठी ४००० न्यूटन बल लागेल. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याच्या कामातला मोठा वाटा पुढची चाके उचलतात. तो ७० टक्के धरला तर पुढच्या प्रत्येक चाकाकडे १४०० न्यूटन येतात. आता समजा, पुढचे उजवे चाक आपले काम २० टक्के कमी करते आहे. फरक पडला २८० न्यूटनांचा. चाक गाडीच्या मध्यरेषेपासून सुमारे ६५ सेंटिमीटर दूर असते. म्हणजे गाडीला डावीकडे फिरवणारे आघूर्ण झाले १८२ न्यूटन-मीटर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेअठरा किलोचे ओझे टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा हा पीळ आहे.

या पिळाने गाडी भोवऱ्यासारखी फिरत नाही, कारण टायरची रस्त्यावरची आडवी पकड तिला आवरून धरते. तरीही गाडीची दिशा थोडी बदलते. या वेगाने आणि या दराने गाडी थांबायला सुमारे १५ मीटर लागतात. तेवढ्या अंतरात तिची वाट सरळ रेषेपासून नुसती ३ अंशांनी कलली, तर थांबेपर्यंत ती सुमारे ८० सेंटिमीटर बाजूला सरकलेली असेल. टिटवाळ्याला अंगारकीच्या दिवशी स्टेशनापासून गणपतीच्या देवळापर्यंत रस्त्याच्या कडेने माणसांची रांगच लागलेली असते. तिथे ८० सेंटिमीटर म्हणजे एका माणसाची जागा होते. पावसात गोष्ट आणखी बिघडते. टायर आणि रस्ता यांच्यातील एकूण पकड ठरावीक असते. तिच्यातला जो भाग थांबवण्यात खर्च होतो तो आडव्या पकडीसाठी उरत नाही. ओल्या रस्त्यावर मुळात ही शिल्लकच तोकडी असते, म्हणून कोरड्या दिवशी हाताला जेमतेम जाणवणारी ओढ पावसात स्टेअरिंग हिसकावून घेते.

आता प्रश्न असा, की डाव्या-उजव्याची बरोबरी मुळात राखली जाते कशी? सुरुवातीच्या मोटारींत पेडलापासून चाकांपर्यंत लोखंडी गज आणि तारा जात. प्रत्येक तार वेगवेगळी ताणली जाई, वेगवेगळी झिजे, आणि चाके सारखी धरावीत म्हणून त्या पुन:पुन्हा जुळवत बसावे लागे. यातून सुटका केली ती द्रवाने. अमेरिकेत १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या गाडीला चारही चाकांवर द्रवदाबाचे ब्रेक आले आणि पुढच्या काही दशकांत सर्वच मोटारींनी ते स्वीकारले. यामागचे तत्त्व आपण शाळेत शिकवतो तेच, पास्कलचा नियम. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. डावी नळी लांब असो की आखूड, दोन्ही टोकांना दाब एकच. जुळवाजुळव करायला नकोच, ती निसर्गच करतो.

पण पास्कलचा नियम इथे नेमके कशाचे आश्वासन देतो ते नीट पाहायला हवे. तो दाबाची बरोबरी राखतो, बलाची नव्हे. आणि तीही द्रव स्थिर झाल्यावर. दाबापासून रस्त्यावरच्या बलापर्यंत पोचायला एक साखळी पार करावी लागते. दाब रबरी नळीतून कॅलिपरमध्ये येतो, तिथला पिस्टन पुढे सरकतो, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कवर घासतो, डिस्क चाकाला अडवते, चाकाचा टायर रस्त्याला धरतो, आणि रस्त्याने दिलेले बल निलंबनाच्या दांड्यांतून गाडीच्या सांगाड्याला मिळते. या साखळीची कोणतीही कडी एका बाजूला वेगळी वागली की बरोबरी गेली. निदान करायचे म्हणजे ती कडी शोधायची.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. गाडी डावीकडे ओढते, म्हणजे डावा ब्रेक बिघडला, असे धरून चालतात. प्रत्यक्षात लक्षणाचा अर्थ एवढाच, की डावीकडचे बल उजवीकडच्यापेक्षा जास्त आहे. ते डावे वाढल्यामुळे असेल किंवा उजवे घटल्यामुळे. तराजूचे एक पारडे खाली गेलेले दिसले तर त्या पारड्यात भर पडली की दुसऱ्यातून काही काढले, हे नुसते पाहून कळत नाही. तसेच हे आहे. अनुभव असा, की दुसरी शक्यता अधिक वेळा खरी निघते. गाडी डावीकडे गेली तर गुन्हेगार बऱ्याचदा उजवीकडे सापडतो. पण 'बऱ्याचदा' या शब्दावर सुटे भाग बदलत सुटणे योग्य नव्हे. दोन्ही शक्यता वेगळ्या करील अशी चाचणी हवी.

ती करण्यापूर्वी ब्रेकचा संबंध नसलेल्या दोन गोष्टी बाजूला काढाव्यात. पहिली म्हणजे रस्ता. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधतात. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपली निरोगी गाडीही किंचित डावीकडे घरंगळू पाहते. म्हणून चाचणी सपाट जागी घ्यावी, आणि त्याच जागी उलट दिशेने पुन्हा घ्यावी. ओढ रस्त्यामुळे असेल तर दिशा उलटताच तीही उलटेल. गाडीमुळे असेल तर ती आपल्या बाजूला चिकटून राहील. जागा मोकळी आणि रुंद हवी, वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत, आणि हात स्टेअरिंगवर अलगद ठेवलेले. दुसरी गोष्ट टायरांची. दोन्ही बाजूंची हवा मोजून सारखी करावी. कमी हवेचा टायर आपल्या बाजूला ओढतो, ब्रेक न दाबताही. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून पाहावे. काही टायरांवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते, त्यांची मात्र अशी अदलाबदल करता येत नाही. ओढीने बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर टायर निर्दोष सुटला. ही अदलाबदल प्रयोगशाळेत आम्ही नेहमी करतो. दोन उपकरणांची मापे जुळत नसतील तर त्यांची जागा बदलायची आणि फरक उपकरणाबरोबर जातो की जागेवरच राहतो ते पाहायचे. एका वेळी एकच बदल, हा मात्र तिचा कडक नियम. टायर, पॅड आणि अलाइनमेंट एकाच दिवशी बदलून गाडी बरी झालीच, तर ती कशाने बरी झाली हे कधीच कळत नाही.

टिटवाळ्यातल्या गाड्यांचे एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवे. इथला नोकरदार सकाळी कसारा लाइनच्या लोकलने कल्याण, ठाणे, मुंबईकडे जातो आणि रात्री परततो. गाडी आठवडाभर इमारतीच्या आवारात उभी असते, ती रविवारी किंवा लग्नकार्याला बाहेर निघते. ब्रेकच्या दृष्टीने हे वाईट. रोज वापरलेल्या ब्रेकमधले सरकणारे भाग रोज सरकतात, म्हणून मोकळे राहतात. उभ्या गाडीत कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा निवांतपणे आपले काम करते. डिस्कवर एका रात्रीत येणारा तांबूस थर निरुपद्रवी असतो, चार-सहा वेळा ब्रेक दाबला की तो घासून जातो. खरा त्रास आतल्या गंजाचा.

आमच्या परिचयातील एका विज्ञानशिक्षकांच्या गाडीचे असेच झाले. पावसाळ्यानंतर ती ब्रेक दाबताच डावीकडे ओढू लागली. गॅरेजमध्ये निदान झाले, "सर, डावा ब्रेक जास्त धरतोय, पॅड बदलू या." फक्त डाव्या चाकाचे पॅड बदलले गेले. काही दिवस ओढ कमी वाटली, मग पुन्हा पूर्वीसारखी झाली. याचे स्पष्टीकरण सोपे आहे. नवे पॅड डिस्कवर घासून बसेपर्यंत कमी धरतात. म्हणजे उजवा ब्रेक अशक्त होताच, नव्या पॅडने डावाही तात्पुरता अशक्त झाला आणि दोघे काही दिवस जुळले. पॅड बसल्यावर जुना फरक परत आला. एका आसावरचे पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, हा नियम त्यासाठीच आहे. शेवटी त्या सरांनी स्वतःच डोके चालवले. त्यांनी केलेली चाचणी उष्णतेची होती, आणि ती कोणालाही करता येईल.

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणारे यंत्र. जे चाक जास्त थांबवते ते जास्त तापते. हिशेब करून पाहू. आपल्या गाडीची ताशी ४० किलोमीटर वेगाची गतिज ऊर्जा सुमारे ६२,००० ज्यूल भरते. पुढच्या प्रत्येक चाकाच्या वाट्याला तिच्यातली साडेएकवीस हजारांच्या आसपास येते. डिस्क बिडाची असते. तिचे वस्तुमान ४ किलोग्रॅम आणि बिडाची विशिष्ट उष्मा किलोग्रॅमला अंशामागे ४६० ज्यूल धरली, तर एकदा थांबल्यावर डिस्कचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसने वाढते. लागोपाठ दहा वेळा थांबलो तर, हवेने निवण्याचा भाग सोडून, वाढ १२० अंशांची होईल. जे चाक २० टक्के कमी काम करते त्याची वाढ सुमारे २४ अंशांनी कमी राहील. हा फरक लपणारा नाही.

मोजायचे कशाने? कोविडच्या साथीत शाळांनी घेतलेली, कपाळासमोर धरायची तापमानाची बंदूक इथे बहुधा चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच आखलेली असते, तिच्या पट्ट्याबाहेरचे तापमान ती दाखवतच नाही. कारखान्यांत वापरतात ती अवरक्त किरणांची बंदूक लागते. तिच्यातही एक मेख आहे. गुळगुळीत चकाकणारा धातू तापलेला असूनही अवरक्त किरण कमी सोडतो, म्हणून डिस्कच्या घासलेल्या पृष्ठभागाचे माप खरे असावे तेवढे येत नाही. पण आपल्याला खरे तापमान नकोच आहे, डाव्या-उजव्याची तुलना हवी आहे. दोन्हीकडे तीच जागा, तेच अंतर, तोच कोन ठेवला की झाले. बंदूक नसेल तर हाताची उलटी बाजू चाकाजवळ नेऊनही ठळक फरक कळतो. धातूला हात मात्र लावू नये, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नये.

एवढे करून कळते काय? डावे चाक जास्त तापले. हे तर ओढीवरून आधीच ठाऊक होते! तराजूचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून चाचणीचा दुसरा भाग महत्त्वाचा. गाडी पूर्ण निवू द्यायची. मग तिला मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक शक्यतो न वापरता न्यायचे, आणि शेवटी वेग आपोआप कमी होऊ देऊन थांबवायचे. आता पुन्हा पाहायचे. ब्रेक न दाबताही डावे चाक तापले असेल, तर डावा ब्रेक सुटतच नाही, तो सतत घासतो आहे. दोन्ही चाके सारखीच गार असतील, तर डावीकडे घासणारे काही नाही, आणि संशय उजव्या बाजूवर जातो. सरांच्या गाडीत दोन्ही चाके गार निघाली. उजवे चाक खोलले तेव्हा आतला पॅड झिजून पातळ झालेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा होता.

पॅडच्या या दोन जाडींनी सगळी कथा सांगितली. लहान गाड्यांतील कॅलिपरला बहुधा एकाच बाजूला, आतून, पिस्टन असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे कॅलिपरचा सांगाडा उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. सांगाडा दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो. त्या पिनांवरची रबरी टोपी फाटून पाणी शिरले आणि पिना गंजल्या, की सांगाडा अडकतो. मग पिस्टन एकटाच आतल्या पॅडला दाबत राहतो, बाहेरचा पॅड नावापुरता उरतो, आणि चिमटा सैल पडतो. दाब दोन्हीकडे सारखाच होता. पास्कलने आपला शब्द पाळला होता, पिनांनी नाही. पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावले, टोप्या बदलल्या, दोन्ही चाकांचे पॅड नवे घातले, आणि ओढ गेली. गाडीची उजवी बाजू आवारात पावसाच्या तोंडाला असे आणि डावी भिंतीच्या आडोशाला. म्हणून उजवीकडच्याच पिना आधी गंजल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे.

निकाल उलट आला असता, म्हणजे डावे चाक ब्रेक न दाबता तापले असते, तर पुढचा शोध जॅकवर घ्यावा लागला असता. तो माहीतगार मेकॅनिकच्या हातूनच व्हावा. पुढची चाके उचलून स्टँडवर ठेवतात, मागच्या चाकांना उटी लावतात, गिअर न्यूट्रलमध्ये. एकाने पेडल दाबून सोडायचे, दुसऱ्याने चाक हाताने फिरवून पाहायचे. सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर दोन शक्यता उरतात. एक, पिस्टन गंजून अडकला आहे. निरोगी पिस्टनला मागे आणते ती त्याच्याभोवतीची रबरी कडी. ब्रेक दाबताना ती थोडी पिळली जाते आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे खेचते. गंज असला की तिचे चालत नाही. दुसरी शक्यता, ब्रेकची रबरी नळी आतून सुजली आहे. बाहेरून ती ठीक दिसते, पण आतले पापुद्रे झडपेसारखे वागतात. पायाच्या जोराने द्रव आत जातो, परतताना अडतो. या दोघांना वेगळे करणारी युक्ती आम्हांला फार आवडते. अडकलेल्या चाकाच्या कॅलिपरवरचा, हवा काढण्याचा निपल किंचित सैल करायचा. थोडे ब्रेक ऑईल उडाले आणि चाक झटकन मोकळे झाले, तर आत दाब कोंडला होता, म्हणजे नळी किंवा तिच्या मागचे काही दोषी. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर दाबाचा संबंध नाही, दोष पिस्टनचा किंवा पिनांचा. काम झाल्यावर हवा नीट काढून निपल घट्ट करणे आलेच.

अशी नळी आणखी एका गोष्टीने ओळखू येते. द्रव आत जायलाही तिच्यात वेळ लागतो. त्यामुळे ब्रेक दाबताच गाडी क्षणभर दुसऱ्या बाजूला ओढते, मग सरळ होते, आणि पेडल सोडल्यावर नळीच्या बाजूला रेंगाळते. म्हणून ओढ कोणत्या बाजूला एवढेच न विचारता ती केव्हा, हेही विचारावे. पाण्यातून गेल्यावर येणारी ओढ याच प्रकारची, म्हणजे वेळेनुसार बदलणारी. टिटवाळ्याजवळचा काळू नदीवरचा रुंदे गावाकडे जाणारा पूल अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेलेला आहे. अशा वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. पण गावातल्या साचलेल्या पाण्यातून जाणे कधी कधी टळत नाही. भिजलेले अस्तर वंगण लावल्यासारखे घसरते आणि दोन्ही बाजू सारख्या वेगाने वाळत नाहीत. बाहेर आल्यावर मागेपुढे कोणी नाही असे पाहून पेडल हलके दाबत थोडे अंतर गेले की ती वाळतात आणि ओढही जाते. ती गेली नाही तरच काळजी.

पाण्याचा त्रास ड्रमच्या ब्रेकला अधिक होतो. एकूणच ड्रम बाजू घेण्याबाबत जास्त हळवा. ड्रममध्ये पुढचे शू फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन पाचरीसारखे आणखी घट्ट बसते. घर्षण स्वतःलाच वाढवते. डिस्कमध्ये थांबवणारे बल घर्षणांकाच्या सरळ प्रमाणात असते. घर्षणांक ०.४० वरून ०.३५ वर आला तर बल साडेबारा टक्क्यांनी घटते. स्वतःला घट्ट करणाऱ्या शूचे ढोबळ सूत्र, घर्षणांक भागिले एक वजा घर्षणांक, असे धरले तर तेवढ्याच बदलाने बल १९ टक्क्यांनी घटते. म्हणजे डाव्या-उजव्या अस्तरांतला तोच फरक ड्रममध्ये दीडपट मोठा होऊन रस्त्यावर उतरतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी टॅक्सी गेली. त्या गाड्यांत ओढ हा नेहमीचाच विषय असे, आणि त्यात चालकाचा दोष कमी, पाचरीचा जास्त. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

कधी ब्रेक अगदी निर्दोष असतो. पुढच्या चाकाला जागेवर धरणाऱ्या दांडीच्या सांध्यात रबरी बुश असते. ते फाटले की ब्रेक दाबताच रस्त्याचे बल चाकाला मागे ढकलते, चाकाचे तोंड किंचित वळते आणि गाडी त्या दिशेला जाते. खराब रस्त्यांवर ही बुशे लवकर जातात. सर्व ब्रेक तपासून झाले, दोन्ही डिस्क सारख्या तापतात, तरी ओढ आहे, असे असेल तर इथे पाहावे. ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला जात असेल तर टायर किंवा अलाइनमेंट. स्टेअरिंग हातात वळते की नाही याचीही नोंद घ्यावी. ते वळत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. ते स्थिर राहून गाडीची मागची बाजूच सरकल्यासारखी वाटली तर मागच्या.

उलट, ओढ नाही म्हणजे सारे आलबेल असेही नाही. पुढच्या चाकाच्या वळण्याचा आस खाली वाढवला तर तो रस्त्याला टायरच्या मध्याच्या थोडा आत किंवा थोडा बाहेर टेकतो. तो बाहेर टेकेल अशी रचना केली, तर जास्त धरणारे डावे चाक स्वतःच उजवीकडे वळू पाहते आणि ओढ बरीचशी खोडली जाते. १९७२ सालच्या ऑडी ८० या गाडीने ही रचना प्रसिद्ध केली. सुरक्षेसाठी ती चांगलीच, पण तिच्यामुळे दोष उशिरा लक्षात येतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही या ओढीवरचा उपाय नव्हे, ती चाक जाम होण्याच्या बेतात आल्यावरच मध्ये पडते. म्हणून खात्रीचे माप तपासणी केंद्रातल्या रुळांवरच मिळते. तिथे प्रत्येक चाकाचे बल वेगळे मोजतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार एका आसावरील कोणत्याही चाकाचे बल दुसऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असले तर गाडी नापास होते. आपल्या उदाहरणातली २० टक्के उणी गाडी तिथे पास झाली असती!

वर्गासाठी एक प्रयोग. वहीएवढी लाकडी फळी घ्या. तिच्या खाली डाव्या आणि उजव्या कडेला लांबट पट्ट्या चिकटवा, एका कडेला पॉलिशपेपर खरखरीत बाजू खाली करून, दुसऱ्या कडेला गुळगुळीत प्लॅस्टिक. फळी गुळगुळीत फरशीवर सरळ ढकलून सोडा. ती पॉलिशपेपरच्या बाजूला वळेल. ती गाडीपेक्षा खूपच जास्त वळते, कारण तिला आडवी धरणारी टायरची पकड नाही. आता दोन्ही कडांना सारखाच पॉलिशपेपर लावा आणि फळीवर उजव्या कडेला एक वीट ठेवा. ढकलण्यापूर्वी मुलांना विचारा, कोणत्या बाजूला वळेल? वीट असलेल्या बाजूला घर्षण जास्त, म्हणून उजवीकडे, असे बहुतेक जण सांगतील. फळी जवळजवळ सरळ जाते. उजवीकडे घर्षण वाढले हे खरे, पण विटेने गुरुत्वमध्यही उजवीकडे सरकवला. मोठे बल जवळून आणि लहान बल लांबून फिरवू पाहते, आणि दोन्ही आघूर्णे एकमेकांना खोडतात. गाडीत असे होत नाही. तिथे बल भाराने ठरत नाही, नळीतल्या दाबाने ठरते. भार उजवीकडे गेला तरी दोन्ही चाके सारखीच धरतात आणि गाडी किंचित डावीकडे कलते. म्हणून ओढीची चाचणी दर वेळी तेवढ्याच माणसांनी, त्याच जागांवर बसून घ्यावी.